चांगल्या घरची कोंबडी

दोनाती काफ्विम्बी प्रत्येक घास चाळीस वेळा चावायचा. मी मोजलंय. तांब्याच्या खाणीत सव्वीस वर्षं आम्ही एका पाळीत होतो. मी फावड्यावर, तो छताला लाकडी टेकू लावायला. जेवायला वीस मिनिटं मिळायची. बाकीचे आठ मिनिटांत जेवून बारा मिनिटं आडवे व्हायचे. दोनाती वीसच्या वीस मिनिटं चावत बसायचा आणि भोंगा झाला की अर्धा भरलेला डबा बंद करून उठायचा. जे खाताना जबडा दुखत नाही ते अन्न नव्हे, असं त्याचं म्हणणं.

कामाला मात्र चोख. त्यानं लावलेल्या टेकूखाली मी पाठ फिरवून फावडं मारलंय. सव्वीस वर्षांत एकही टेकू हलला नाही. म्हणून त्याचं बाकीचं सगळं मी ऐकून घेत आलो.

आता दोघंही घरी बसलोय. मुफुलिरा या खाणीच्या गावातल्या कांतान्शी वस्तीत त्याचं घर माझ्यापासून सहावं. त्याला सगळे बाशी प्रिस्का म्हणतात, म्हणजे प्रिस्काचा बाप. बायको बाना प्रिस्का. खाण सुटली की माणसं बाटली धरतात, नाहीतर चर्च धरतात. यानं तब्येत धरली.

मका तो स्वतः गिरणीवर नेतो, तीन किलोमीटर, खांद्यावर, आणि कोंड्यासकट दळून आणतो. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र पिठाला तो भिंतीचा चुना म्हणतो. बाजारात टोमॅटो घेण्याआधी ओल्या फडक्यानं पुसतो आणि फडक्यावर आलेली फवारणीची पांढरी भुकटी विकणारीला दाखवतो. ती भुकटी खरी असते, त्यात वाद नाही. पण बायका आता त्याला लांबून बघितलं की टोमॅटोवर पोतं टाकतात.

एकदा त्यानं दुकानातल्या पावाचा तुकडा खिडकीत ठेवला. आठव्या दिवशीही त्याला बुरशी नव्हती. तो रविवार होता. तुकडा कागदात गुंडाळून तो चर्चला घेऊन आला आणि प्रार्थना सुटल्यावर दारात उभा राहून एकेकाला दाखवू लागला. बुरशीलासुद्धा जे नको, ते आपण पोरांच्या पोटात घालतो, असं सांगत होता. बायका हळहळल्या. फादरनी तुकडा हातात घेऊन बघितला. नवव्या दिवशी बुरशी आली. ती त्यानं कुणाला दाखवली नाही.

मला कधी सर्दी होत नाही, असंही तो सांगतो. जूनच्या कोरड्या थंडीत झाली होती. ती धूळ होती म्हणे.

पण त्याचा खरा दावा ब्रॉयलर कोंबडीवर. लग्नात ताट हातात आलं की तो वाढणाऱ्याला विचारायचा, हिचं वय काय. सहा आठवडे, असं उत्तर आलं की म्हणायचा, सहा आठवड्यांचा असताना तुझी मान तरी धरत होती का? त्याला लग्नाची बोलावणी कमी होत गेली. ब्रॉयलरचा पोटा तो पुरावा म्हणून दाखवायचा. पोटा म्हणजे कोंबडीच्या आतली दाणे दळणारी गाठ. आमच्याकडे तो घरच्या कर्त्याच्या नाहीतर मानाच्या पाहुण्याच्या ताटात जातो. गावठी कोंबडीचा पोटा खडे दळून दगडासारखा झालेला असतो. ब्रॉयलरचा म्हणजे कधी कामावर न गेलेल्या माणसाचा तळहात. एवढं एक मलाही पटतं.

त्याच्याकडे एकोणीस गावठी कोंबड्या होत्या. दिवसभर आवारात उकरायच्या, संध्याकाळी लिंबाच्या झाडावर चढायच्या. आणि त्याची पोरगी प्रिस्का, दवाखान्यात नाव नोंदवायच्या टेबलावर बसणारी, तिनं निवडला चिटालु. पोरगा चांगला. वीजतंत्री. पण त्याचा बाप एलिया म्पुंडु. म्पुंडुच्या चार शेडमध्ये मिळून दोन हजार ब्रॉयलर. आम्ही राहतो त्या भागातल्या निम्म्या लग्नांना कोंबडी त्याचीच जाते.

म्पुंडुनं मला शिबुकोंबे व्हायला सांगितलं. शिबुकोंबे म्हणजे मुलाकडचा मध्यस्थ. व्याही एकमेकांशी बोलत नाहीत, तो बोलतो. मी बाशी प्रिस्काचा जुना सोबती, म्हणून मला निवडलं असावं. काम सोपं वाटलं. फावडं सोपं होतं.

पहिल्या भेटीला मी ताटलीवर वाडगा पालथा घालून घेऊन गेलो, रीतीप्रमाणे. बाशी प्रिस्कानं वाडग्याकडे बघितलं. मग म्हणाला, पोरगा काय खाऊन वाढलाय ते आधी सांग. मी म्हणालो, वाढलाय सहा फूट.  बाना प्रिस्कानं वाडगा उचलला, म्हणजे मागणी ऐकायला घर तयार, आणि गोष्ट पुढे सरकली.

राहिला माटेबेटो. लग्नाआधी मुलीकडच्या बायका सगळ्या प्रकारचं अन्न रांधून, डोक्यावर भांडी घेऊन, गात गात मुलाच्या घरी जातात. या घरची पोरगी तुला काय खायला घालेल ते बघ, असा त्याचा अर्थ. त्यात कोंबडी अख्खी लागते, डोक्यापासून पायांपर्यंत, पोट्यासकट. काही कमी असेल तर तो मुलीच्या घराचा कमीपणा. दिवस ठरला ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. मागे सारता येण्यासारखा नव्हता. चिटालुला सोलवेझीच्या खाणीत दहा नोव्हेंबरला हजर व्हायचं होतं. माटेबेटो झाला नाही तर लग्न नाही, आणि लग्न नाही तर प्रिस्का इथेच. पुढची सुट्टी वर्षानं.

बाशी प्रिस्कानं साऱ्या वस्तीला सांगून टाकलं की माझ्या दारातून निघणाऱ्या भांड्यात ब्रॉयलर असणार नाही. त्या माणसाला जन्मात एकदा तरी खरी कोंबडी कळू दे. मी हा निरोप पहिल्या वाक्यापुरता पोचवला. मध्यस्थानं निरोप न्यायचा असतो, दगड नव्हे.

म्पुंडुचा उलटा निरोप सप्टेंबरच्या शेवटी आला. ऑक्टोबरच्या उन्हात मानमोडी येते. कोंबड्यांच्या डोळ्यात लसीचा एकेक थेंब घालून घ्या, लस मी देतो. मी ते जसंच्या तसं सांगितलं. बाशी प्रिस्का तेव्हा लसणाची पाकळी चावत होता. ती संपेपर्यंत मी थांबलो.

"त्यांना सांग," तो म्हणाला, "माझ्या कोंबड्यांच्या अंगात ताकद आहे. त्यांच्या आज्यांनी ती धुळीत लोळून मिळवली. बाटलीतून आणली नाही."

"बाशी प्रिस्का, तुला लहानपणी देवीची लस टोचली होती. दंडावर खूण आहे."

"ती मला विचारून टोचली नव्हती."

मानमोडी सात तारखेला आली. पहिल्या दिवशी तीन कोंबड्या पंख सोडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माना पिळल्यासारख्या वळल्या आणि हिरवी घाण सुरू झाली. बाशी प्रिस्कानं पाण्यात कडुनिंब घातला, कोरफड घातली, लसूण घातला, तिखट घातलं. चौथ्या दिवशी अठरा मेल्या होत्या, नाहीतर मरत होत्या. एक कोंबडी उरली. ती स्वयंपाकघराच्या मागे खोक्यात अंडी उबवत बसली होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी फाटकाशी एक सायकलवाला आला होता. रोग आला की ही माणसं फिरतात. मरायला टेकलेल्या कोंबड्या स्वस्तात घ्यायच्या, कापायच्या, बस स्टँडच्या टपऱ्यांना द्यायच्या. तेव्हा नऊ कोंबड्या अजून धापा टाकत होत्या. शेजारच्यांनी आपापल्या दिल्या. बाशी प्रिस्कानं त्याला हाकलला. मग पहार आणि फावडं घेऊन आवाराच्या टोकाला खड्डा खणला. मी उतरून बघितलं, माझ्या कमरेच्या वर होता. आमचा पाऊस ऑक्टोबरनंतरचा, तोवर जमीन वीट झालेली असते. त्रेसष्ट वर्षांच्या माणसानं तो एकट्यानं खणला, कडा सरळ ठेवल्या, वर चुना टाकला आणि माती दाबून दगड ठेवले. कुत्र्यांना सापडता कामा नये, एवढंच बोलला. त्या दिवशी त्याच्या पावाचं, टोमॅटोचं आणि सर्दीचं सगळं मी माफ केलं.

शनिवारला अठरा दिवस होते आणि कोंबडी नव्हती. उरलेली एक कापायची म्हटली तरी एकटी पुरत नाही. कोंबडीची दोन भांडी जातात. बाना प्रिस्का म्हणाली, बाजारातून दोन ब्रॉयलर आणते, भुईमुगाच्या दाट रश्शात कुणाला कळणार. बाशी प्रिस्का म्हणाला, ज्यानं दोन हजार वाढवल्या त्याला कळणार. आपलीच कोंबडी व्याह्याच्या दारातून आपल्याकडे आली म्हणून तो हसेल, आणि तो नाही हसला तर वस्ती हसेल.

"मग हसू दे," बाना प्रिस्का म्हणाली. "तुमची जीभ तुम्ही चाळीस वेळा का नाही चावत?"

तो आत गेला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाला, काहीतरी कर.

मी सायकल काढली. मोकांबोच्या रस्त्यानं वाड्या-वस्त्या धरत गेलो. पहिल्या दिवशी अठ्ठावीस किलोमीटर, दुसऱ्या दिवशी एकतीस. रोग माझ्या आधी पोचला होता. जिथे कोंबड्या होत्या तिथे त्यांची नजर मला पटली नाही. असली कोंबडी मी त्याच्या दारात नेली नसती. परत येताना चेन तुटली. सायकल ढकलत आलो तो वाटेत म्पुंडुची शेडं लागली. चेन जोडायला हत्यार मागावं म्हणून आत गेलो.

शेडांच्या मागे, भिंत संपते तिथे, आंब्याचं झाड आहे. झाडाखाली चौदा गावठी कोंबड्या उकरत होत्या. डोळे लख्ख. तुरे लाल. मी सायकल भिंतीला टेकवली आणि बघत राहिलो. म्पुंडु मागून आला. मला तिथे बघून त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"घरातल्यांसाठी आहेत," तो म्हणाला.

"तुम्ही ब्रॉयलर खात नाही?"

"तुम्ही सव्वीस वर्षं तांबं काढलंत. घरी आणून खाल्लंत का?"

मग त्यालाच ते बोलणं बरं वाटलं नाही. खाली बसून त्यानं नीट सांगितलं. ब्रॉयलर आजारी पडली तर औषध द्यावं लागतं. औषध दिल्यावर सात दिवस विकायची नसते. मी सात दिवस थांबतो, तो म्हणाला, पाच दिवसांत विकणारेही आहेत. माझी कोंबडी वाईट नाही. पण दिवसभर दोन हजार तोंडं बघितल्यावर रात्री ताटात तेच तोंड नको वाटतं. या गावठींनाही तो दर चार महिन्यांनी डोळ्यात थेंब घालतो. थेंब झाला की डाव्या पायाच्या मागच्या बोटाचं नख छाटतो, म्हणजे कुणाला दिली आणि कुणाला राहिली ते कळतं. चौदाही कोंबड्यांची नखं त्यानं मला धरून दाखवली. काम नीट होतं.

मी दोन मागितल्या. एक कोंबडा, एक कोंबडी. कुणासाठी, त्यानं विचारलं. मी म्हणालो, एका घरी पाहुण्यांसाठी रांधायचं आहे. यात खोटं काही नाही. पाहुणा तोच होता.

कोंबड्या माझ्या घरी राहिल्या. शुक्रवारी मी त्या बाशी प्रिस्काकडे नेल्या. त्यानं छातीचं हाड चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, पंखाखाली वास घेतला. पायांकडे बघितलं नाही.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "ही खरी कोंबडी. रोगातून तरलेली. हिला कुणी बाटली दाखवलेली नाही. कुठून आणलीस रे?"

"लांबून," मी म्हणालो. चेन तुटलेली असली की चार किलोमीटर लांबच असतात.

शनिवारी बायका निघाल्या. मी पुढे जाऊन मुलाकडच्या पुरुषांत बसलो, ते माझं काम. मुलीचा बाप माटेबेटोला येत नाही, तो घरी बसून राहतो. ढोल आला, गाणं आलं, भांडी जमिनीवर मांडली गेली. मुलीकडची म्होरकी बाई गुडघ्यांवर बसून एकेक झाकण उघडत सांगू लागली. हे शेंगदाण्याच्या कुटातलं भोपळ्याच्या पाल्याचं कालवण. हे घेवडे. हे सुके सुरवंट, प्रिस्काच्या बापानं स्वतः निवडलेले. मग कोंबडीचं भांडं. अख्खी, डोकं वर, पाय दुमडलेले. पोटा तिनं चिटालुच्या ताटात ठेवला. पोरगा चावू लागला. बराच वेळ चावत राहिला. बाशी प्रिस्का तिथे असता तर मोजलं असतं.

मग वाढप म्पुंडुपर्यंत आलं आणि त्याच्या ताटात तंगडी पडली. पायासकट, डावी. त्यानं ती उचलली आणि बोलता बोलता थांबला. मागचं बोट अंगठ्यानं दाबून बघितलं. मग दुसऱ्या भांड्यातला पाय बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी छताचा वासा बघू लागलो. वासा बरा बसवलेला होता.

सगळे गप्प झाले, कारण मुलाचा बाप कोंबडीचा पाय हातात धरून गप्प होता. म्होरकी बाई गुडघ्यांवर तशीच. तो एक शब्द बोलला असता तर भांडी गेली तशी परत आली असती आणि चिटालु एकटा सोलवेझीला गेला असता.

"ही कोंबडी," म्पुंडु म्हणाला, "चांगल्या घरची आहे."

आणि खाऊ लागला. बायकांनी जीभ नाचवत आरोळी दिली ती पार रस्त्यापर्यंत गेली.

माटेबेटोची भांडी रिकामी परत पाठवत नाहीत. रविवारी सकाळी मी आणि म्पुंडुकडच्या दोन बायका ती घेऊन बाशी प्रिस्काकडे गेलो. एका भांड्यात बाना प्रिस्कासाठी कापड, एकात साखर, साबण, मीठ. कोंबडीच्या भांड्यावर फडकं बांधलेलं होतं. बाशी प्रिस्कानं फडकं सोडलं. आत बर्फ. बर्फात एक छोटी बाटली, औषध मिसळायचं पाणी आणि थेंब घालायची नळी.

"हे काय?"

आता मला निरोप सांगायचा होता. तो मी पूर्ण सांगितला. नख कुठलं, का छाटलेलं, कोंबड्या कुठल्या झाडाखालच्या. तो उभा राहून ऐकत होता. त्याच्या तोंडात काही नव्हतं, तरी जबडा हलत होता.

"चार किलोमीटर," तो शेवटी म्हणाला.

"चार."

"त्यांनी भरल्या घरात काय म्हटलं?"

मी सांगितलं. तो खाली बसला. बाना प्रिस्का कापडाची घडी मोडून बघत होती.  इतकी वर्षं झाली त्यांच्या लग्नाला, तिला कधी बोलायचं नाही ते कळतं.

मग त्यानं बाटली उचलली, फडक्यानं पुसली, मुदत वाचली. मुदतीत होती. आत थेंब किती, त्यानं विचारलं. शंभर कोंबड्यांचे, मी म्हणालो, आणि पाण्यात मिसळल्यावर दोन तासांत संपवायचे, नंतर फेकायचे. त्यानं खोक्यातल्या कोंबडीकडे बघितलं. एक कोंबडी. नव्याण्णव थेंब वाया.

आता हा माणूस भाताचं एक शीत ताटात टाकत नाही. लसीवर त्याचा विश्वास बसला की नाही ते मला माहीत नाही. नव्याण्णव थेंब मातीत जाणं त्याला सोसवणार नव्हतं, एवढं माहीत आहे. तो उठला आणि फाटकाबाहेर पडला. रोग आमच्या रस्त्यावर आणि मागच्या दोन रस्त्यांवर फिरला होता; वरच्या अंगाला चर्चच्या पलीकडे कोंबड्या जिवंत होत्या. त्यानं दारोदार जाऊन सांगितलं, निरोगी आहेत त्याच आणा, धापा टाकणारी आणाल तर तुमच्यासकट हाकलीन. लोक आले, काही लसीसाठी आणि जास्त करून बघायला. पाव घेऊन चर्चच्या दारात उभा राहिलेला माणूस बाटली घेऊन उभा आहे, ही गोष्ट रोज घडत नाही.

कोंबडी मी धरायचो, थेंब तो घालायचा. थेंब पडल्यावर कोंबडी डोळा मिचकावेपर्यंत सोडायची नाही, हे तो प्रत्येक मालकाला पहिल्यापासून समजावून सांगत होता, जणू ही रीत त्याच्या आजीनं घालून दिली होती. एका बाईनं विचारलं, बाशी प्रिस्का, हे बाटलीतलं आहे ना? तो म्हणाला, टेकूसुद्धा बाहेरून लावतात, बाई. डोंगर आपल्या ताकदीवर उभा असतोच.

ते मला आवडलं. मी पुढची कोंबडी धरली.

एकाहत्तर कोंबड्या झाल्या, एक तास पन्नास मिनिटांत. तो एकदाही बसला नाही, एकही थेंब बाहेर पडला नाही. प्रिस्का आणि चिटालु पुढच्या शनिवारी लग्न करून आठ तारखेच्या बसनं सोलवेझीला गेले.

त्या रविवारी सगळ्यात शेवटी त्यानं आपली कोंबडी अंड्यांवरून उचलून आणली. तिनं माझ्या मनगटाला चोच मारली. थेंब पडला, तिनं डोळा मिचकावला. मी तिला सोडायला लागलो.

"थांब," बाशी प्रिस्का म्हणाला. "डावा पाय धर."

आणि खिशातून चाकू काढून त्यानं मागच्या बोटाचं नख छाटलं, टेकूची पाचर मारायचा तसं, एका घावात.